तळ्याकाठचं वैर: एक 'शत्रू ते प्रेमी' किशोरकादंबरी कोमट का लागली?

पानखूण

अमेरिकेतल्या मेन राज्यात, तळ्याकाठी घडणारी एक उन्हाळी प्रेमकथा नुकतीच वाचून झाली. वयोगट किशोर, साचा 'एनिमीज टू लव्हर्स'. नाव मुद्दाम देत नाही. खटकलेली जागा या जातीच्या बऱ्याच पुस्तकांत सापडते, आणि चर्चा त्या जागेवर व्हावी अशी इच्छा आहे.

कथानक असं. नायिका १७ वर्षांची, तिची आजी तळ्यावर कनू आणि कायाक (वल्ह्याने चालवायच्या लहान होड्या) भाड्याने देते. नायकही १७चा. त्याचे वडील शेजारची जमीन घेऊन रिसॉर्ट बांधताहेत आणि आजीच्या लाकडी धक्क्यावर त्यांचा डोळा आहे. पोरापोरीचं आठवीपासून हाडवैर. पहिल्याच प्रकरणात नायक मोटरबोट त्या धक्क्यावर आदळतो आणि भरपाई म्हणून उन्हाळाभर आजीच्या दुकानात राबायचं ठरतं. ३६ प्रकरणं, एक तिचं, एक त्याचं, सगळी प्रथमपुरुषी वर्तमानकाळात.

वाईट नाही. पानं भराभर उलटतात आणि आजी फार छान उतरली आहे. पण पुस्तक मिटल्यावर मनात काही रेंगाळत नाही. पाचपैकी तीन.

कारण शोधायला पुस्तक पेन्सिल घेऊन पुन्हा चाळलं. एकाचं दुसऱ्याबद्दलचं मत जिथे बदलतं तिथे समासात खूण करायची, आणि ते कशामुळे बदललं ते शेजारी दोन शब्दांत लिहायचं. ३६ प्रकरणांत चार खुणा झाल्या. त्यातल्या तीन खुणांपुढे 'दिसायला' एवढंच लिहावं लागलं: ओले केस, दंड, शेकोटीच्या उजेडातला चेहरा. चौथी बाराव्या प्रकरणात. आठवीत नायिकेबद्दल जी अफवा पसरली ती त्याने नव्हे, त्याच्या चुलतभावाने पसरवली होती, असं कळतं. तेराव्यात चुंबन. वैर खलास, आणि अजून २३ प्रकरणं शिल्लक!

मग तिसाव्यात लेखिकेला दुसरा गैरसमज आणावा लागतो. फोनवर अर्धवट वाचलेला मेसेज, रडारड, चार प्रकरणांचा अबोला. माझं म्हणणं असं की गैरसमज हे वैराचं कारण होऊच शकत नाही. ते फक्त राहून गेलेलं बोलणं असतं. बोलणं झालं की कादंबरीखालची जमीनच सरकते. आणि खरं भांडण तर पहिल्या पानापासून तिथेच होतं, त्या धक्क्याचं! ते मिटतं शेवटून दुसऱ्या प्रकरणात, दीड पानात, वडिलांना अचानक उपरती होऊन.

---

तळटीप

पानखूण, पेन्सिलीची रीत उत्तम. पण 'गैरसमज कारण होऊच शकत नाही' हे जरा सबुरीने घ्या. या साच्याचं मूळ जिथे बघतात त्या जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्येही (१८१३) गैरसमज आहेच. फरक कुठे पडतो ते बघण्यासारखं आहे.

६१ प्रकरणं. तिसऱ्या प्रकरणात नाचाच्या कार्यक्रमात नायक डार्सी नायिका एलिझाबेथचा अपमान करतो. चौतिसाव्यात लग्नाची मागणी घालतो आणि ती त्याला झाडून काढते. तिचे मुख्य आरोप दोन: माझ्या बहिणीचं जुळत आलेलं तू मोडलंस, आणि विकहॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्याला देशोधडीला लावलंस. पस्तिसाव्यात त्याचं पत्र येतं. दुसरा आरोप खोटा ठरतो. पहिला मात्र खरा! त्याने ते खरोखर केलेलं असतं आणि पत्रात तो ते कबूलही करतो. म्हणजे अर्धं वैर माहितीने मिटतं आणि अर्धं कृतीनेच मिटावं लागतं. ते मिटायला अठ्ठावन्नावं प्रकरण उजाडतं.

शिवाय तिचं मत पालटतं ते छत्तिसाव्यात, ती एकटी असताना, पत्र पुन्हा पुन्हा वाचून. तो समोर नाही, त्याचे दंडही नाहीत. ती स्वतःच्या चुकीला सामोरी जाते. तुमच्या पुस्तकात नायिका कुठे चुकली होती? अफवा त्याने पसरवली नव्हती म्हणजे तो निर्दोष, आणि तिला तसं सांगितलं गेलं होतं म्हणून तीही निर्दोष. दोघांनाही बदलायचं काही कारणच उरत नाही.

---

शहाळं

+१. एकाला तरी खरोखर माफी मागावी लागली पाहिजे.

---

अर्धविराम

किशोरवयीन उदाहरण हवं असेल तर 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९०८) घ्या. ती प्रेमकथा म्हणून लिहिलेली नाही, तरी वैराचा हिशोब फार चोख आहे. पंधराव्या प्रकरणात वर्गातला गिल्बर्ट तिची लाल वेणी ओढून 'गाजरं' म्हणतो आणि ॲन त्याच्या डोक्यात पाटी घालते. तो लगेच चूक कबूल करतो. पुढे साखरेची गोळी देऊ करतो, ती टाचेखाली चुरडते. अठ्ठाविसाव्यात तो तिला बुडताना वाचवतो आणि पुन्हा मैत्री मागतो. इथे ती क्षणभर घुटमळते, जुना अपमान आठवतो, नाही म्हणते, आणि तो निघून गेल्यावर तिला रुखरुख लागते. वैर आता तिच्या अंगावर आलं आहे. त्याने काही करायचं शिल्लक नाही, तिनेच अहंकार सोडायचा आहे.

मिटतं ते अडतिसाव्यात, शेवटच्या प्रकरणात. ॲनला तिला वाढवणाऱ्या मरिलाजवळ राहता यावं म्हणून गिल्बर्ट गावातल्या शाळेची नोकरी सोडतो आणि दुसऱ्या गावची पत्करतो, जिथे त्याला राहण्या-जेवणाचे पैसे पदरचे भरावे लागणार आहेत. ही किंमत वाचकाला अगदी व्यवहारात कळते. तिथे वडिलांची उपरती नाही, मुलाने स्वतः काहीतरी गमावलंय.

तुमच्या तळ्याकाठच्या नायकाने काय गमावलं?

---

पानखूण

काहीच नाही. वडील बदलतात, त्यामुळे त्याला वडील आणि ती यांतून निवड करायची वेळच येत नाही. अर्धविराम, नेमकं बोट ठेवलंत.

---

झुळूक

कनूचा प्रवेश कसा लिहिलाय? या पुस्तकांत तो हमखास असतो आणि हमखास चुकतो.

---

पानखूण

नवव्या प्रकरणात. दोघं समोरासमोर बसून वल्हवतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, वाद होतो, होडी उलटते, हसत हसत पोहून काठावर येतात. जूनचा पहिला आठवडा.

---

झुळूक

मग ऐका, कारण इथे एक मोठी संधी वाया गेली आहे.

दोघांच्या कनूत माणसं समोरासमोर बसून वल्हवत नाहीत. दोघांची तोंडं पुढे. पुढच्याला मागचा दिसतच नाही आणि मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसते. पुढचा वेग आणि ताल देतो, मागचा दिशा ठरवतो. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्हं घालायचं. मागच्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर होडीचं नाक त्याच्या वल्ह्याच्या विरुद्ध बाजूला वळायला बघतं. म्हणून फटक्याच्या शेवटी तो मनगट फिरवतो, वरच्या हाताचा अंगठा खाली, आणि पातं पाण्यातच किंचित बाहेर ढकलतो. यालाच जे-स्ट्रोक म्हणतात. हे न येणारा माणूस सारखी बाजू बदलतो, पुढच्याला न सांगता बदलतो, दोघं एकाच बाजूला वल्हवू लागतात आणि होडी नागमोडी जाते. शिकाऊ जोड्यांची भांडणं बहुतेक याच जागी होतात. वजनदार माणूस साधारणपणे मागे बसवतात. पुढचं टोक जड झालं की होडी सरळ ठेवणं मुश्किल, आणि फार हलकं झालं तर वाऱ्याने भरकटतं.

आता हे तुमच्या जोडीला लावा. ती होड्यांत वाढलेली, त्याला मोटरबोटीपलीकडे काही येत नाही. तो जड, म्हणून मागे त्यानेच बसायला हवं. म्हणजे दिशा अशा माणसाच्या हातात, ज्याला दिशा देता येत नाही, आणि तिला तो दिसतही नाही. तिने पाठमोरं राहून, न बघता, त्याला शिकवायचं. 'अंगठा खाली. अजून खाली. आता ढकल.' होडी पहिल्यांदा सरळ चालली की ते तिला पाण्याच्या आवाजावरून कळतं. मत बदलायला याहून चांगली जागा कुठली? पानखूण, तुमच्या समासात 'दिसायला'ऐवजी 'ऐकलं, शिकला' असं लिहिता आलं असतं.

उलटण्याबद्दल. मेनमधल्या तळ्यांवरचा बर्फ वितळतो साधारण एप्रिलमध्ये, उत्तरेकडे मेपर्यंत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाणी बोचरं गार असतं. तिथे हसत पोहत बसत नाहीत. उलटलेली होडी सोडायची नाही, ती तरंगते. तिला धरून काठाकडे सरकायचं. आणि माणशी एक लाइफ जॅकेट होडीत असणं तिथे कायद्यानेच लागतं. होड्या भाड्याने देणाऱ्या आजीची नात जॅकेटशिवाय निघाली तर आजी दुकान बंद करेल.

१७ फुटी ॲल्युमिनियमची कनू ३० ते ३५ किलोंची असते. ती दोघांनी उचलून पाण्यात ठेवणं हाही छान प्रसंग आहे. कोणी आधी सोडायची, पाऊल चिखलात कुठे टाकायचं, सगळं ठरवावं लागतं.

---

तळटीप

झुळूक, फार सुंदर. 'पाठमोरं शिकवणं' हेच त्या कादंबरीचं मधलं प्रकरण व्हायला हवं होतं.

---

रेघोटी

कालगणनेवर माझेही दोन मुद्दे, कारण उन्हाळी कादंबरीत कॅलेंडर हेच घड्याळ असतं.

मेनमध्ये शाळा साधारण जूनच्या मध्यानंतर सुटतात, बर्फामुळे बुडालेले दिवस शेवटी भरून काढावे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं दिवसभर दुकानात कसे? उन्हाळा संपतो तो लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. बऱ्याच शाळा तर त्याआधीच उघडतात. म्हणजे हाती जेमतेम दहा आठवडे. त्यात चार वर्षांचं वैर विझवून प्रेम पेटवायचं, तर आठवड्याला एक पायरी तरी हवी. ४ जुलैचे, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचे, फटाके अशा पुस्तकांत चुंबनासाठी राखलेले असतात. तो दिवस दहांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच येतो! तिथे चुंबन दिलं की पुढच्या सात आठवड्यांना काम उरत नाही.

दुसरं म्हणजे माश्या. मे-जूनमध्ये तिथे काळ्या चावऱ्या माश्यांचा हंगाम असतो. संध्याकाळी तळ्याकाठी उघड्या दंडांनी शेकोटी करायची तर धूर अंगावर घ्यावा लागतो. ही तक्रार नाही. दोघांना एकाच बाजूच्या धुरात बसावं लागणं हे रोमँटिकच आहे, फक्त लेखिकेला ते ठाऊक हवं.

नायकाची धाकटी बहीणही आहे ना पुस्तकात?

---

पानखूण

आहे. १५ वर्षांची, तळ्यावर लाइफगार्ड.

---

रेघोटी

नाही चालायचं. अमेरिकेच्या संघीय कायद्याप्रमाणे १५व्या वर्षी पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड होता येतं, पण तळं, नदी, समुद्र अशा नैसर्गिक पाण्यावर १६ पूर्ण लागतात. १४-१५ वयाच्या मुलांना १ जून ते लेबर डे या काळात रात्री ९ पर्यंतच काम करता येतं, एरवी ७ पर्यंत. हे माहीत असतं तर 'नऊला बहिणीची कामाची पाळी संपते, तिला घरी सोडायला कुणीतरी हवं' असा दोघांना एकत्र आणणारा साधा, पटणारा धागा मिळाला असता.

---

शहाळं

मला पुस्तकाची बाजू घ्यायची आहे. ही कादंबरी ज्या वयासाठी आहे त्या वाचकाला शेवट आधीच माहीत असतो आणि त्याला तो माहीत असलेलाच हवा असतो. अमेरिकी ग्रंथपालांची संघटना हा वयोगट १२ ते १८ धरते. १३ वर्षांच्या मुलीला इंग्रजीत पहिलं जाड पुस्तक पुरं करायचं असेल तर छोटी प्रकरणं, आळीपाळीचे आवाज आणि वर्तमानकाळ यांची खूप मदत होते. पुण्या-मुंबईकडची पुष्कळ मुलं आज इंग्रजी वाचनाकडे याच वाटेने वळतात. 'कोमट' हा शेरा तिशीतल्या वाचकाचा आहे असं नाही का वाटत?

---

पानखूण

वाटलं होतं, म्हणून विचार केला. पण १३ वर्षांच्या वाचकाला वैर आपल्यापेक्षा जास्त कळतं. वर्गात कोण कुणाशी का बोलत नाही याचा तिचा हिशोब पक्का असतो. तिला पातळ वैर वाढायचं कारण नाही. सोपी भाषा आणि पोकळ कारण या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲनची पाटी सोपीच आहे की.

---

अर्धविराम

आळीपाळीच्या आवाजांवरून आठवलं. प्रकरणावरचं नाव हाताने झाका आणि तीन परिच्छेद वाचा. कोण बोलतंय ते ओळखू आलं नाही तर दोन आवाजांचा उपयोग नाही. शब्द वेगळे असून भागत नाही, नजर वेगळी लागते. होड्यांत वाढलेली मुलगी धक्क्यावर आली की आधी दोर बघेल, गाठ सुटत आली आहे का, कुठली फळी कुजली आहे. रिसॉर्टवाल्याचा मुलगा काय बघेल? गाड्या कुठे उभ्या राहतील, किती माणसं मावतील. त्या फळीकडे सतराव्या-अठराव्या प्रकरणात त्याचीही नजर जायला लागली, तर न सांगता प्रेम कळतं.

यात दोन आवाजांचा तोटाही आहे. त्याच्या मनातलं चौथ्याच पानावर कळलं की तो तिला कधीचा आवडतोय, तर शत्रू उरतोच कोण? एकतर्फी वैराला दोन आवाज देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

---

तळटीप

सहमत. मराठीत कुणी याचा अनुवाद करायला घेतला तर एक जागा आहे बघा. इंग्रजीत असे नायक नायिकेला आडनावाने हाक मारतात आणि एके दिवशी नावाने मारतात, तो वळणाचा क्षण असतो. मराठीत तू-तुम्हीचा उपयोग इथे होत नाही, वर्गमित्र पहिल्यापासून 'तू'च. पण आडनावाची हाक आपल्याकडेही शाळेत जशीच्या तशी आहे. 'ए देशपांडे, जरा सरक.' त्यामुळे हे वळण मराठीत बिनखोट उतरतं. फक्त एकदाच वापरायचं आणि वाचकाला ते ऐकू येईल एवढी जागा ठेवायची. तुमच्या पुस्तकात?

---

पानखूण

अकराव्यात आडनाव, चौदाव्यात नाव, विसाव्यात पुन्हा आडनाव. तिच्या लक्षातही येत नाही.

---

शहाळं

बरं, मग दुरुस्ती करायची तर कुठून सुरुवात? धक्क्यापासून?

---

अर्धविराम

हो. आधी दोघांची तक्रार प्रत्येकी एका वाक्यात लिहायची, आणि दोन्ही वाक्यं निम्मी तरी खरी हवीत. तिची: 'तुम्ही आमच्या आजीचं पोट हिरावून घेताय.' त्याची: 'तुमचा धक्का जुना आहे, कुणीतरी मरेल आणि तुम्ही आठवणींपायी ऐकत नाही.' आता त्याने पहिल्या प्रकरणात बोट ठोकली यालाही अर्थ येतो. फळी कुजलेली होती म्हणून धक्का इतका मोडला. चूक त्याची, पण दुर्लक्ष त्यांचं. अफवा पूर्ण काढून टाकली तरी चालेल.

मग प्रत्येकाने माघार घेतली तर काय जाईल ते ठरवायचं. तिचं आजीशी असलेलं एकमत. त्याचा वडिलांचा विश्वास. आणि तिसाव्या प्रकरणातली ताटातूट याच जखमेतून यायला हवी, नव्या मेसेजमधून नव्हे. उदाहरणार्थ, धक्क्याची अवस्था त्याने तिच्याबरोबर राबताना पाहिली आणि जेवताना वडिलांना सहज बोलून गेला. वडिलांनी ती गावच्या सभेत आजीविरुद्ध वापरली. इथे गैरसमज नाही. त्याने खरंच सांगितलं, आणि जे सांगितलं ते खरंच होतं.

---

रेघोटी

हे जमतंय. एक भर घालते. मेनमध्ये १० एकरांहून मोठं नैसर्गिक तळं सगळ्यांच्या मालकीचं, राज्य ते जनतेसाठी राखतं. त्यामुळे रिसॉर्टवाला 'तळं घेऊ' शकत नाही. भांडण काठाचं आणि धक्क्याचंच राहतं. पुस्तकात 'तळं वाचवा' अशा पाट्या घेऊन मोर्चा आहे का?

---

पानखूण

आहे. एकतिसाव्यात.

---

रेघोटी

तो काढावा लागेल. त्याजागी गावची सभाच ठेवा. न्यू इंग्लंडमध्ये (मेन ज्यात येतं तो अमेरिकेचा ईशान्य भाग) गावचे निर्णय नागरिक सभेला बसून मतदानाने घेतात, मेनमध्ये आजही पुष्कळ गावांत. वक्ता उठतो, नाव सांगतो, सगळ्यांसमोर बोलतो. नायकाला वडिलांविरुद्ध उभं करायचं असेल तर ही जागा आहे. १७ वर्षांचा असल्यामुळे त्याला मत देता येणार नाही, बोलायचं तरी आधी सभेची परवानगी लागेल. आणि ती मागताना वडील समोर बसलेले.

---

झुळूक

शेवटही तळ्यानेच देऊन ठेवलाय. तिकडचे बहुतेक लहान धक्के कायमचे नसतात. शरद ऋतूत बर्फ धरायच्या आधी ते भाग सुटे करून काठावर ओढून ठेवतात. नाहीतर हिवाळ्यात बर्फ पाय वाकवतो, फळ्या उचकटतो. म्हणजे लेबर डेनंतर पर्यटक गेले की कुणीतरी गार पाण्यात कमरेएवढं उतरून बोल्ट सोडवायचे, आणि काठावरच्याने दोर धरायचा. आत उतरलेल्याने 'सोड' म्हटल्यावरच सोडायचं, आधी सोडलं तर जड भाग त्याच्या पायावर येतो. भरपाईची मुदत संपलेली आहे, त्याला यायची गरज नाही. तरी तो येतो, आणि दोर तिच्या हातात असतो.

---

पानखूण

झुळूक, पाण्यात कोण उतरेल?

---

झुळूक

तो. बोल्ट कुठले गंजलेत ते उन्हाळाभर काम करून आता त्यालाच माहीत आहे.